गावातल्या बाईला घरात मार बसतोय: नव्या ग्रामपंचायत सदस्यांनी काय करावं

निकाल लागला, गुलाल धुऊन झाला, पहिली मासिक सभाही पार पडली. आता रस्ता, गटार, नळ, दिवाबत्ती यांच्या तक्रारी घेऊन माणसं तुमच्या दारात येतील. त्याची तुम्हाला कल्पना आहेच. पण एक तक्रार अशी असते की ती अर्जावर लिहून येत नाही. बाई दळण घेऊन जाताना तुमच्या ओट्यापाशी थांबते, पदर नीट करते आणि म्हणते, "ताई, तुमच्याशी बोलायचं होतं. पण इथं नको."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २५ टक्के जणींनी नवऱ्याचा मार किंवा जबरदस्ती सोसल्याचं सांगितलं. तुमच्या गावात अशा ३०० जणी असतील, तर हिशेब स्वतःच करून बघा.

मी एक मुदत सदस्य होते. पहिल्याच वर्षी अशी एक बाई माझ्याकडे आली आणि आम्ही सगळे करतात तेच केलं. नवऱ्याला कार्यालयात बोलावलं, चार वडीलधारी माणसं बसवली, "पुन्हा हात उचलणार नाही" असं स्टॅम्पवर लिहून घेतलं. चहा झाला. मिटलं म्हणून आम्हाला बरं वाटलं. तीन आठवड्यांनी ती औषध प्यायली. नशिबानं वाचली. दवाखान्यात तिच्या उशाशी बसले होते तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही कागद केला, आणि त्या कागदाचा राग माझ्यावर निघाला." हा लेख त्या वाक्यामुळे लिहितेय. मारहाण ही मिटवायची गोष्ट नाही. पंचायतीनं न्याय करायला बसायचं नाही. बाईला कायद्यापर्यंत, छपरापर्यंत आणि चार पैशांपर्यंत पोचायची वाट मोकळी करून द्यायची, एवढंच आपलं काम. तेवढंही पुष्कळ आहे.

कुणी येण्याआधी: एक वही तयार करा

बाई येईल तेव्हा फोन नंबर शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून निवडून आल्यावर पहिल्या महिन्यात एक दिवस तालुक्याला आणि एक दिवस जिल्ह्याला जाऊन या. फोनवर विचारू नका, समोर जाऊन भेटा. ओळख झालेली असली की रात्री अकराला फोन उचलला जातो.

सगळ्यात आधी संरक्षण अधिकारी. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात हे पद आहे. तुमच्या भागाचं काम कुणाकडे आहे ते जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कळेल. नाव, मोबाइल, बसण्याचं ठिकाण आणि वार लिहून घ्या. मग पोलीस ठाणे. तिथे महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष किंवा समुपदेशन केंद्र चालतं का, ते विचारा. टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलिसांनी १९८४ साली मुंबईत असा पहिला कक्ष सुरू केला. पुढे तो राज्यभर पसरला. कक्षातल्या ताया पोलीस नसतात, प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या असतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलणं बायकांना सोपं जातं. त्यानंतर जिल्ह्याचं सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे हिंसा सोसलेल्या बाईला एकाच छपराखाली मदत आणि थोड्या दिवसांचा निवारा देणारं केंद्र, आणि कोर्टाच्या आवारातली तालुका विधी सेवा समिती.

वहीच्या पहिल्या पानावर हे नंबर मोठ्या अक्षरांत लिहा: तातडीसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००, मुलांसाठी १०९८. हेच नंबर अंगणवाडीत, रेशन दुकानात, पिठाच्या गिरणीत आणि सार्वजनिक शौचालयाच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगवून घ्या. शौचालयाच्या दारावर का, असं मला पुष्कळांनी विचारलं. कारण बाई एकटी असते अशी गावातली ती एकच जागा. तिथे ती नंबर पाठ करू शकते.

ती येते तेव्हा

ग्रामपंचायत कार्यालयात बोलू नका. तिथे शिपाई असतो, दाखल्याला आलेले चार जण असतात आणि तासाभरात गावभर होतं. अंगणवाडी सुटल्यावरची खोली, आशाताईचं घर, बचत गटाची बैठक संपल्यानंतरची वेळ, यांतलं काहीतरी निवडा. एकटीनं ऐका. सोबत घ्यायचं असेल तर तिला विचारून घ्या.

ती सलग सांगणार नाही. दहा वर्षांपूर्वीच्या हुंड्यावरून सुरू करेल, मध्येच सासूच्या गुडघ्यांवर जाईल, मग नवरा तसा वाईट नाही म्हणेल. मधे तोडू नका. "तू उलट बोलली असशील", "पोरांकडे बघून दिवस काढ", "माझ्याही घरी होतं असं" ही तीन वाक्यं कटाक्षानं टाळा. पहिल्यात दोष तिच्यावर जातो आणि उरलेल्या दोन्हींत दार बंद होतं.

मग तीन प्रश्न विचारा. आज रात्री घरी जायला भीती वाटते का? त्यानं कधी गळा दाबला, रॉकेल किंवा कोयता हातात घेतला, जिवे मारायची धमकी दिली? जिवाचं काही करून घ्यावंसं तुला वाटतं का? यांतल्या एकाचंही उत्तर होय असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा आणि तिथूनच ११२ किंवा १८१ लावा. गळा दाबल्याची खूण बाहेरून दिसत नाही म्हणून ते हलक्यावर घेऊ नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

उत्तर नाही असेल तर तिला विचारा, तुला काय हवंय? काहीजणींना फक्त मार थांबायला हवा असतो. काहीजणींना मुलं घेऊन माहेरी जायचं असतं. काहीजणींना आज काहीच नको असतं, फक्त कुणाला तरी ठाऊक असावं एवढंच. ती म्हणेल तेवढंच करा, त्यापुढे तुमचा उत्साह नेऊ नका.

त्याच दिवशी नवऱ्याला फोन करून दम देण्याचा मोह होतो. देऊ नका. ती तुमच्याकडे आली होती हे त्याला कळणं हाच तिला सगळ्यात मोठा धोका असतो. बाई घर सोडायचं ठरवते तो काळ सर्वांत नाजूक असतो, म्हणून त्या दिवसांत जास्त गुप्तता पाळा. फोन करायचा तर ठरलेला बहाणा असू द्या. "गटाचा हप्ता राहिलाय" म्हटलं की तिनं समजावं. तिनं "उद्या भरते" म्हटलं की आत्ता बोलता येत नाही असं तुम्ही समजावं.

आणखी एक चूक नवे सदस्य हमखास करतात. चांगल्या हेतूनं विषय मासिक सभेत मांडतात आणि तिचं नाव प्रोसिडिंगमध्ये जातं. प्रोसिडिंग बुक हे सरकारी दप्तर आहे, माहितीच्या अधिकारात कुणीही मागेल. तिचं नाव तिथे येता कामा नये. तारीख, वेळ, तिनं सांगितलेलं, अंगावर दिसलेले वळ, तुम्ही कुणाला फोन केला, हे स्वतःच्या वेगळ्या वहीत लिहा आणि ती वही कुलपात ठेवा. उद्या कोर्टात साक्षीला बोलावलं तर तीच कामाला येते.

कायदा तिला काय देतो, साध्या भाषेत

तुम्हाला वकील व्हायचं नाही, पण एवढं पाठ असू द्या. संरक्षण अधिकाऱ्याचं पद ज्यात आहे त्या २००५ च्या कायद्यात मारहाणच नाही, तर लैंगिक जबरदस्ती, शिव्या आणि अपमान, आणि पैशाची कोंडी हेही हिंसाचारात मोडतं. तिच्या मजुरीचे पैसे काढून घेणं, 'लाडकी बहीण'चे १,५०० रुपये जमा झाले की एटीएम कार्ड हिसकावणं, घरात दाणा न ठेवणं, हे सगळं त्यात येतं. आणि हा फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा सून, लग्नासारख्या नात्यात राहणारी बाई, सगळ्यांना तो लागू आहे.

घटस्फोट मागावा लागत नाही. आधी पोलिसांत गुन्हा नोंदवावा लागतो असंही नाही. संरक्षण अधिकाऱ्याकडे ती सांगेल तसा कौटुंबिक घटनेचा अहवाल लिहिला जातो, त्याला सगळे 'डीआयआर' म्हणतात. तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. अर्ज मिळाल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली तारीख द्यावी आणि पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, हे तिला आधीच सांगा. म्हणूनच अंतरिम आदेशाचा अर्ज सोबतच द्यायला वकिलांना आठवण करा. तो आदेश लवकर मिळू शकतो. ती सध्या माहेरी राहत असेल तर तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो.

कोर्ट तिला मारहाणीपासून संरक्षणाचा, घरात राहू देण्याचा, खर्चाचा, मुलांच्या ताब्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतं. घराचं मात्र नीट समजून घ्या, कारण गावात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य असतं, "घर सासऱ्याच्या नावावर आहे, तिचा काय संबंध?" ती त्या घरात नांदलेली असेल तर घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क ती मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात सांगितलं. हे वाक्य भावकीला ऐकवायची वेळ तुमच्यावर येईलच.

संरक्षणाचा आदेश मोडला तर तो गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेशाची प्रत तिला मोफत मिळते. तिच्या परवानगीनं एक झेरॉक्स तुमच्या वहीत ठेवा. त्यानं पुन्हा हात उचलला तर आता कुणालाही बैठकीला बोलवायचं नाही, थेट ठाण्यात जायचं.

नवऱ्याचा आणि सासरचा छळ हा फौजदारी गुन्हाही आहे. पूर्वीचं ४९८-अ कलम आता भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ म्हणून आहे. "आमची हद्द नाही" म्हणून ठाण्यातून परत पाठवलं तर शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवायला सांगा. वकील परवडत नाही ही अडचण उरत नाही, कारण विधी सेवा कायद्यानं स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि तुम्हाला स्वतःला भीती वाटत असेल तर २००५ च्या कायद्याचं कलम ४ वाचा. हिंसाचार होतोय असं वाटणारा कुणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कसली जबाबदारी येत नाही.

'मिटवा' म्हणणाऱ्यांना काय सांगायचं

हा सगळ्यात अवघड भाग, कारण म्हणणारे आपलेच असतात: उपसरपंच, पोलीस पाटील, तंटामुक्त समितीचे अध्यक्ष, कधी तिचा स्वतःचा भाऊ. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासून गावागावांत मिटवण्याची एक सवय लागली. बांधाच्या भांडणात ती सवय चांगली आहे. तिथे दोन्ही बाजू बरोबरीच्या असतात, दोघांनी एकेक पाऊल मागे घेतलं की काम होतं. मार खाणाऱ्या बाईनं कुठून मागे यायचं? चारचौघांत, सासऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या पंचांसमोर ती खरं बोलत नाही. आणि बैठक संपल्यावर तिला त्याच घरी जायचं असतं.

समुपदेशन २००५ च्या कायद्यातही आहे, पण त्याचे नियम बघा. ते न्यायदंडाधिकारी सांगतात तेव्हा, प्रशिक्षित समुपदेशकापुढे होतं. मारहाण पुन्हा होणार नाही याची हमी आधी घेतात. आणि "ती अशी वागली म्हणून मारलं" अशी सबब पुरुषाला पुढे करताच येत नाही. आपल्या बैठकीत पहिल्या पाच मिनिटांत नेमकं हेच वाक्य येतं. फरक इथेच आहे.

म्हणून भांडण करू नका, एवढंच म्हणा: "दादा, हा गुन्हा आहे. गुन्हा मिटवायचा अधिकार पंचायतीला नाही. उद्या तिला काही झालं तर आपल्या सह्या कागदावर असतील." शेवटचं वाक्य बहुतेकांना लगेच कळतं.

"दारूमुळे होतं हो, माणूस चांगला आहे" हेही ऐकाल. गावातलं दुकान बंद करायचं असेल तर जरूर करा. २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी मतदानाची मागणी करता येते आणि निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद होतं. पण तोच माणूस पिऊन फौजदारावर हात उचलत नाही, घरी येऊन बायकोवर उचलतो. दुकान बंद झालं म्हणून तिची वही बंद करू नका.

मारणारा तुमच्या पॅनलचा, भावकीतला, किंवा तुमच्याच घरातला असेल तर काम दुसऱ्या सदस्याकडे सोपवा आणि तिला तसं सांगा. आणि निवडून आलेल्या ताईलाच घरी मार बसत असेल, तर हे सगळं तिच्यासाठीही आहे. सभेला जाऊ न देणं, सह्या नवऱ्यानं ठोकणं, मानधन काढून घेणं, यांची सुरुवात आणि मारहाणीची सुरुवात पुष्कळदा एकाच घरात होते.

कागद, पैसा, छप्पर

घर सोडताना तिच्याजवळ काय असावं? स्वतःचं आणि मुलांचं आधार, बँकेचं पासबुक, लग्नाचा एखादा पुरावा, दवाखान्याचे केसपेपर, चालू असलेली औषधं, थोडे पैसे. एकदम नेता येत नाही. एकेक कागद शेजारी किंवा माहेरी हलवता येतो, फोटो काढून भावाला पाठवता येतात. खातं दुसऱ्या बँकेत उघडायला सांगा, आणि त्यात नवऱ्याच्या हातातला मोबाइल नंबर देऊ नका, नाहीतर पैसे आल्याचा मेसेज त्याच्याकडेच जाईल.

ग्रामपंचायतीच्या हातात यातलं बरंच आहे. विवाह नोंदणीचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, निराधार असल्याचा दाखला, घराच्या करआकारणीचा नमुना ८ चा उतारा या सेवा लोकसेवा हक्क कायद्याखाली मुदतीत द्यायच्याच आहेत. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) सांगून ठेवा की अशा बाईला "नवऱ्याला घेऊन ये" म्हणायचं नाही. निराधार दाखला हातात आला की संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला करता येतो. घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेल्या बायकाही त्यात बसतात, दरमहा १,५०० रुपये मिळतात. रेशनकार्ड वेगळं करायला पुरवठा शाखेत खेटे पडतात, तिथे तिला एकटी पाठवू नका.

मुलांच्या शाळेवरून बाया अडतात, कारण दाखला काढायला नवरा जाऊ देत नाही. मुख्याध्यापकांना शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ दाखवा. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश लांबवू किंवा नाकारू शकत नाही. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी हे स्पष्ट आहे.

छप्पर म्हणजे आधी माहेर, ते नसेल तर सखी केंद्र. तिथे राहणं थोड्या दिवसांचं, साधारण पाच दिवसांपर्यंत असतं. त्यापुढे शक्ती सदनसारखी निवासी सोय बघावी लागते. सोबत मोठा मुलगा असेल तर घेतील का, ते निघण्याआधी फोनवर विचारा. रात्री तिथे पोचल्यावर नाही.

पैसा कुठून आणायचा? ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला १० टक्के वाटा महिला व बालकल्याणासाठी असतो. बहुतेक गावांत तो शिलाई मशीन आणि अंगणवाडीच्या खुर्च्यांवर जातो. गाडीभाडं, कोर्टाच्या फेऱ्या, अडल्या रात्रीचा खर्च यांसाठी त्यातला काही भाग कसा धरता येईल, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी बसून ठरवा आणि आराखड्यात घाला. विकास आराखड्याच्या नऊ संकल्पनांत 'महिलास्नेही गाव' आहेच. नावं न लिहिता फक्त बाब आणि रक्कम लिहा.

दवाखाना आणि आशाताई

स्थानिक संस्था काय करू शकते याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मला मुंबई महापालिकेचं वाटतं. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि सेहत या संस्थेनं मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केलं. त्यामागचा विचार साधा होता. मार खाल्लेली बाई पोलिसांत जात नाही, पण टाके घालायला दवाखान्यात येतेच. मग तिथल्याच डॉक्टर आणि नर्सना ओळखायला का शिकवू नये? पुढे मुंबईतल्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं निघाली.

तुमच्या गावात केंद्र निघणार नाही, पण हा विचार नक्की आणता येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना, नर्सना आणि आशांना एका बैठकीला बोलवा. "पाय घसरून पडले" असं तिसऱ्यांदा सांगणारी, गरोदरपणात पोटावर मार असलेली, औषध पिऊन आलेली, या तिघींना बाजूला घेऊन विचारायचं. विचारताना नवरा बाहेर. आणि केसपेपरवर खरं कारण लिहायचं. पडली असं लिहिलेला कागद कोर्टात तिच्याविरुद्धच जातो.

गावाचा ठराव

एकेका बाईला मदत करून थकायला होतं. म्हणून ग्रामसभेआधीच्या महिला सभेत विषय घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. गावाचा ठराव कायदा नसतो, पण चावडीवर काय बोलायचं ते त्यानं बदलतं.

तुमच्या ठरावात तीन गोष्टी असाव्यात असं मला वाटतं. मारहाणीची तक्रार गावबैठकीत किंवा समितीपुढे घेतली जाणार नाही. अशा बाईला लागणारा दाखला त्याच दिवशी दिला जाईल. आणि गावातलं प्रत्येक घर नमुना ८ ला नवरा-बायको दोघांच्या नावानं लागेल. नमुना ८ हा करआकारणीचा कागद आहे, त्यानं मालकी ठरत नाही. पण "घर तुझं नाही" म्हणणाऱ्यासमोर तो धरता येतो, आणि मी पाहिलंय, धरणाऱ्या बाईचा आवाज बदलतो.

म्हातारे आईवडील मुलाच्या हातचा मार खात असतील तर त्यांच्यासाठी २००७ चा वेगळा कायदा आहे. अर्ज प्रांत कार्यालयात करायचा, हेल्पलाइन १४५६७.

ती परत जाते तेव्हा

जाईल. तुम्ही गाडी केली, दाखले काढले, वकील मिळवून दिला आणि चौथ्या महिन्यात दिवाळीला ती त्याच घरी परत नांदायला जाईल. मुलांसाठी, आईच्या तब्येतीसाठी, कधी तो खरंच रडला म्हणून. रागावू नका आणि "आता माझ्याकडे येऊ नकोस" असं तर मुळीच म्हणू नका. कोर्टातला अर्ज घाईनं मागे घेण्याआधी वकिलाशी बोल, एवढं सांगा. कागदांच्या झेरॉक्स तुमच्याकडे राहू द्या. हप्त्याचा बहाणा चालू ठेवा.

आणि जी लढतेय तिच्या तारखेला सोबत जा. ती कोर्टात पहिल्यांदा उभी राहते तेव्हा समोर सासरची सात-आठ माणसं असतात आणि तिच्याकडून बहुतेक वेळा कुणीच नसतं. आदल्या संध्याकाळी एसटीची वेळ सांगा, आधार आणि आदेशाची प्रत घेतली का विचारा, डब्यात दोन भाकऱ्या जास्त बांधा. नाव पुकारायला कधी कधी दुपारचे तीन वाजतात.